दिसू नये अशी तार, लपू नये असे नाव

शाळेच्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह झाला तेव्हा आम्हां दोघांना, म्हणजे एका इतिहासाच्या शिक्षकाला व त्याच्या विज्ञान शिकवणाऱ्या सहधर्मचारिणीला, थोडा वेगळाच विषय सुचला. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काहींनी हौशी रेडिओचा, म्हणजेच ‘हॅम’चा परवाना मिळवला आहे. रविवारी सकाळी ही मंडळी आपापल्या गावाहून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना हाक घालतात. त्या हाकेला ओ देण्यासाठी आम्हांलाही घरी अँटेना हवा होता. आणि आम्ही राहतो त्या गृहनिर्माण संस्थेत अँटेनाला जागा नव्हती.

गच्चीला कुलूप, दर्शनी भागावर काही टांगण्यास मनाई, खांब उभारण्यास तर सक्त मनाई. असे निर्बंध केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत अनेक वसाहतींच्या करारांतच बाहेरील अँटेना निषिद्ध असतो. तेथील दूरसंचार आयोगाने १९८५ साली स्थानिक प्रशासनांना हौशी रेडिओस वाजवी मुभा देण्यास सांगितले; परंतु खासगी करार त्या आदेशाच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणून तेथील हॅम मंडळी ध्वजाच्या काठीत, पन्हाळीच्या आडोशाला, लाकडी माळ्यावर तारा दडवतात. आपल्या इमारतींना लाकडी माळा नसतो. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या लहरींना अडवतात. त्यामुळे तार घराबाहेरच काढणे भाग होते.

प्रश्न मुळात लांबीचा आहे. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर होते. अँटेना तिच्या निम्मा धरावा आणि प्रत्यक्षात त्याहून किंचित आखूड कापावा. म्हणजे सुमारे २० मीटर तार. दोन खोल्यांच्या घरात ही तार मावणार कोठे?

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, चुंबकीय वेटोळ्याचा. सुमारे एक मीटर व्यासाचे तांब्याच्या नळीचे कडे आणि त्याला जोडलेला बदलता कपॅसिटर. ते सज्जात उभे राहते, काम झाले की घरात घेता येते. पण त्याचा सुरेल पट्टा फार अरुंद असतो. वारंवारता थोडी बदलली की पुन्हा जुळवणी करावी लागते. कपॅसिटरवर मोठा विद्युतदाब येतो, आणि एवढे लहान कडे ७ मेगाहर्ट्झला बरीचशी शक्ती उष्णतेत घालवते. दुसरा पर्याय, सज्जातून तिरकी बाहेर काढायची घडीची काठी. तीही १४ मेगाहर्ट्झ व त्यावरील पट्ट्यांसाठीच सोयीची. त्या पट्ट्यात हजारो किलोमीटरवरचा माणूस भेटतो. मात्र लहर आकाशातून परतते ती दूर जाऊन, आणि मधला मोठा प्रदेश ती ओलांडूनच जाते. आमची मुले नेमकी त्या मधल्या प्रदेशात आहेत. जगाशी बोलणे साधले आणि आपल्या माणसांशी तुटले, तर त्या अँटेनाचे आम्ही काय करावे?

म्हणून तिसरा पर्याय निवडला : एका टोकाकडून शक्ती देण्याची अर्धलहरी तार. मागच्या सज्जापासून कुंपणालगतच्या कडुनिंबापर्यंत एकच बारीक, राखी आवरणाची तार. टोकाकडे रोध फार मोठा, दोन-तीन हजार ओहमच्या घरात असतो. त्याचा ५० ओहमच्या केबलशी मेळ घालण्यासाठी फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला ४९ : १ गुणोत्तराचा रोहित्र. केबलवरून लहरी घरात परतू नयेत म्हणून त्याच कामासाठी आणखी एक कडे. हीच तार १४, २१ व २८ मेगाहर्ट्झलाही चालते, हा वरचा लाभ.

तार तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहे. दूरवर बोलू पाहणाऱ्यास ही उंची तोकडी वाटेल. परंतु ७ मेगाहर्ट्झवर कमी उंचीची तार लहरी बहुतांशी वर फेकते, आणि त्या वरून आसपासच्या काहीशे किलोमीटरवर परत उतरतात. खांबाची परवानगी नाकारली गेली, ती आमच्या कामास बाधक ठरली नाही.

दक्षता मात्र तडजोडीविना घेतली. विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर, दूरचे टोक मुलांच्या हाती न लागेल इतके उंच, शक्ती मोजकी, आणि पावसाळ्यात विजा कडाडू लागण्यापूर्वीच केबल संचापासून वेगळी.

आता खरा प्रश्न. दिसू नये अशी तार लावणे म्हणजे लपणे काय? आमच्या पिढीतील कित्येकांना शहरात घर शोधताना आडनाव हलक्या आवाजात सांगावे लागले. तो अनुभव असलेल्यास ‘कोणाच्या नजरेत येऊ नका’ हा सल्ला सहज पचत नाही. इतिहासात याचे एक उदाहरण आहे. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आजच्या आमच्याच पट्ट्याच्या परिसरात. पकडले जाऊ नये म्हणून त्यांना जागा पुनःपुन्हा बदलाव्या लागल्या, आणि नोव्हेंबरात अटक झाली. परक्या सत्तेपुढे ती गुप्तता पराक्रम होता. स्वतंत्र, संविधानाधीन देशात परवाना घेतलेल्या नागरिकास तिची गरज नाही.

म्हणून आम्ही समितीस लेखी कळवले : भिंतीस भोक पडणार नाही, तार डोळ्यांत खुपणार नाही, कोणाच्या दूरचित्रवाणीत व्यत्यय आल्यास त्याच दिवशी उतरवू; सोबत परवान्याची प्रत. समितीच्या सभासदांनी मागच्या बाजूस उभे राहून तार शोधली. ती सापडण्यास वेळ लागला, आणि त्यानंतर हरकतीचा सूर मावळला.

हौशी रेडिओच्या नियमांतच या प्रश्नाचे उत्तर आहे. येथे सांकेतिक, गुप्त भाषेस मज्जाव आहे. जे बोलायचे ते कोणासही ऐकू येईल असे. आणि बोलताना आपले हाकचिन्ह उच्चारणे बंधनकारक आहे. तार झाडाच्या रंगात मिसळली तरी बोलणाऱ्याने आपली ओळख सांगितलीच पाहिजे. शेजाऱ्याच्या नजरेचा मान राखणे ही सभ्यता. ओळख पुसणे ही वेगळी गोष्ट. हा भेद आम्ही वर्गात अनेक प्रकारे शिकवला होता, परंतु वीस मीटर तारेने तो जितका स्पष्ट केला तितका धड्यांनी केला नसेल.

माजी विद्यार्थी आणि पालकहो, शहरात तुमच्यापैकी अनेक जण अशाच नियमांच्या इमारतींत राहतात. छंद असो वा अभ्यास, प्रथम आपल्याला कोणाशी बोलायचे आहे ते ठरवावे, मग साधन निवडावे. परवाना आधी, तार नंतर. आणि शेजाऱ्यास सांगून. रविवारी सकाळी पट्ट्यात या. चिन्ह स्पष्ट उच्चारा. आम्ही ऐकत असू.