दारूचा डबा

आमच्या मामांना दारूची उत्तम पारख होती, असे मी चारचौघांत म्हणालो की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहतात. त्यात काळ १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरचा. मामा जळगावास आमच्या घरी कार्ड टाकीत : "दारू संपत आली. तिकडे चांगली आली असल्यास कळवणे, लगेच निघतो." हे कार्ड प्रथम पोस्टमन वाची, मग शेजारच्या काकू वाचीत, आणि सर्वांत शेवटी ते आईच्या हाती पडे. आई ते घाईघाईने देवाच्या फोटोमागे सारी. वास्तविक मामा माळकरी होते. चहासुद्धा ते औषधासारखा घेत. त्यांची दारू ती बंदुकीची.

मामांचे गाव तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आताच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. ज्वारी दाण्यावर आली की डोंगरातून रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत वावर लोळवून जात. म्हणून गावात पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या चारपाच बंदुका होत्या, आणि त्या साऱ्यांची काडतुसे भरण्याचे काम मामांकडे असे. पितळी नळकांडी, एकदा उडाली की पुन्हा भरायची. (हल्ली कुणी हौसेने असे करू म्हणेल तर १९५९ चा शस्त्र कायदा आधी परवाना विचारतो, आणि ते योग्यच आहे.) दिवाळीच्या तोंडावर शंभरसव्वाशे काडतुसांची पंगत ओसरीवर मांडली जाई. त्या दिवशी बिडी बंद, दिवा बंद आणि मुख्य म्हणजे चूल बंद. ऐन चकल्यांच्या वेळी चूल विझवावी लागल्यामुळे मामी भांडी आपटीत म्हणत, "यंदा फराळ करायचा की लढाई?"

मामा मांडी घालून बसत. हाती पितळेचे लांब दांड्याचे माप. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती जुनी काळी दारू मापाने भरायची, बोटाने सपाट करायची आणि नळकांड्यात ओतायची. मला पुठ्ठ्याच्या चकत्या देण्याचे आणि डबा संपला की दुसरा आणण्याचे काम. त्या अधिकाराचा मला एवढा अभिमान होता की मामेभावाला मी ओसरीच्या पायरीवरदेखील चढू देत नसे.

१९५८ ची दिवाळी. मी दहा वर्षांचा होतो. काम लांबले, दिवस कलला. दिवा लावायचा नाही हा नियम, म्हणून अंधार पडायच्या आत उरकण्याची घाई. शेवटची दहाबारा काडतुसे उरली असता डबा संपला. मामा म्हणाले, "आण रे पोऱ्या दुसरा." मी कोठीत गेलो. खालच्या फळीवर डबा होता आणि वरच्या फळीवरही होता. वरचा नवा होता. मी चौरंगावर चढून तो काढला. वरचा का काढला, ते मला आजही सांगता येत नाही. हात पुरला याचाच आनंद असावा.

त्या नव्या डब्यात बिनधुराची दारू होती. मामांनी ती पहिल्यांदाच आणली होती, आणि तिला निराळे माप लागते हे पक्के ठाऊक असल्यामुळेच ती वर ठेवली होती. काळ्या दारूचे माप भरून ती घातली तर बंदुकीच्या नळीला न सोसणारा दाब होतो. पण त्या दारूच्या कणांनाही शिसपेन्सिलीसारखी काळसर झिलई असते. संध्याकाळच्या उजेडात मामांना फरक दिसला नाही. मला तर फरक असतो हेच माहीत नव्हते.

तुळशीच्या लग्नानंतर दोन रात्रींनी वावरात बंदूक फुटली. मुंबई-आग्रा रस्त्याने एका मालमोटारीतून मामांना धुळ्याला नेले. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. उरलेली काडतुसे चार घरांत वाटली गेली होती. त्यांत नव्या दारूची आणखी काही असणार, पण कोणती? बाहेरून सारी सारखीच. पितळ तेच, चकती तीच, वजनातही हाताला फरक लागू नये. मामा हाताला फडके बांधून घरोघर गेले, एकूण एक काडतूस परत आणले आणि भर दुपारी अंगणात बसून एका हाताने एकेक उकलले. धरायला मी होतो. प्रत्येकाची दारू पांढऱ्या कागदावर ओतून ते उन्हात निरखीत. तशी नऊ निघाली. गाव वाचले. डबा कुणी आणला होता, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही, नंतरही नाही. मीही सांगितले नाही. त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते.

१९६४ साली भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. माझा तो पायरीवर न चढू दिलेला मामेभाऊ तिथे लागला, आणि त्यातही तपासणीच्या कामावर. २०२१ साली जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले. तोवर तो निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत होता. कारखान्यातले तो काही बोलत नसे. पुस्तकात छापलेले तेवढे सांगे, आणि मला तेवढे पुरे होते.

मी त्याला एकदा विचारले, "लाखो काडतुसांना दारू निवडता कशी? सर्वांत जोरदार ती?" तो हसला. म्हणाला, "दादा, जोराचे काय घेऊन बसलात! ती जळते कशी ते पाहायचे. पऱ्हाट्यांचा जाळ भपकन उठतो, बाभळीचे लाकूड दमाने जळते. भाकरीला कोणता हवा ते माय जाणते. रायफलीची नळी लांब, गोळी घट्ट बसलेली. तिला धक्का नको, रेटा हवा. म्हणून दमाने जळणारी दारू. छऱ्याच्या बंदुकीची दारू तिथे घातली तर—" आणि तो थांबला. मामांच्या हाताची आठवण दोघांनाही एकदमच झाली.

मग त्याने मला 'लॉट' समजावून दिला. दारूचा प्रत्येक घाणा जळण्यात किंचित निराळा उतरतो. म्हणून घाण्याला क्रमांक देतात, त्यातली थोडी काडतुसे भरून उडवून पाहतात, गोळीचा वेग आणि नळीतला दाब मोजतात, आणि त्यावरून त्या घाण्यापुरते वजन ठरवतात. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीच्या काडतुसात दारू जेमतेम तीन ग्रॅम. लाख काडतुसे म्हटली तर तीन क्विंटल. उष्णतेने दाब चढतो, म्हणून भुसावळच्या मे महिन्याचाही विचार हवा आणि हिमालयातल्या थंडीचाही. कणही यंत्राच्या मापातून सारखे ओघळले पाहिजेत. लांब नळ्यांसारखे कण अडकतात, गोल कण मोहरीसारखे पडतात. "आणि दोन घाणे एकत्र झाले तर?" मी विचारले. "होऊच द्यायचे नाहीत," तो म्हणाला. हे मात्र तो हसून म्हणाला नाही.

मला आणखी एका गोष्टीची मौज वाटली. ही बिनधुराची दारू म्हणजे मुळात कापूस. १८४६ च्या सुमारास शोनबाइनने नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांच्यात कापूस बुडवून तो पेटता केला. १८८४ साली व्हिएय या फ्रेंच माणसाने त्याला माणसाळवून बंदुकीत घातले. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव या कामाला चालते. माझे वडील जन्मभर जळगावच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. सदऱ्यावर तीच लव घेऊन ते घरी येत आणि आई ती अंगणात झटकी. घरात दारूबद्दल एवढी बोलणी होत. पण दारू अंगणात उडते आहे, हे कुणाच्या गावीही नव्हते.

आमची चूक एका पोराने एका संध्याकाळी केली. तशीच एक मोठमोठ्या तज्ज्ञांनी दिवसाढवळ्या केलेली पुढे वाचनात आली. वरणगावचा कारखाना निघाला त्याच १९६४ साली अमेरिकन लष्कराने एम-१६ रायफलीच्या काडतुसांतली दारू बदलली. ती रायफल ज्या दारूवर पारखली होती, ती पुरेशा प्रमाणात एकसारखी उतरेना. म्हणून दुसरी, गोल कणांची, घेतली. ती वाईट नव्हती, दुसऱ्या रायफलींत बरी चाललेली होती. पण या रायफलीत तिने गोळ्या झाडण्याची गती वाढवली आणि मळ साचवला. व्हिएतनामच्या चिखलात रायफली अडकू लागल्या. त्यात साफसफाईची साधने नाहीत, नळीला आतून क्रोमचा मुलामा नाही. अडकलेली रायफल हाती घेऊन पोरे मेली. १९६७ साली तिथल्या संसदेच्या समितीने चौकशी करून दारूच्या या बदलावर बोट ठेवले. ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. अंगणातली ती दुपार डोळ्यांपुढून हलेना.

मामा त्यानंतर खूप वर्षे जगले. बंदूक त्यांनी पुन्हा घेतली नाही; डबे वाजवून डुकरे हाकली. दर दिवाळीला मी जाई. मामी चुलीपाशी चकल्या तळत असत, मामा ओसरीवर. मामींनी सांगितले म्हणून मी कोठीतून मिठाचा, साखरेचा, कसलाही डबा घेऊन निघालो की मामा तीन बोटे नसलेला हात आडवा धरून मला थांबवीत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारीत, "कोन्ता डबा शे रे?"

मी झाकण काढून दाखवी. ते वाकून बघत, चिमूटभर जिभेवर ठेवीत, आणि मग मला आत जाऊ देत.