रांगोळीतले शिवार

खानदेश म्हटला की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी हटकून उभ्या राहतात. वांग्याचे भरीत, केळीचे घड आणि वैशाखातले ऊन! आगगाडीने भुसावळकडे जाताना खिडकीतून केळीच्या बागा दिसतात, जळगावला फलाटावर क्षणभर उतरून आपण चहा घेतो आणि ‘खानदेश पाहिला’ अशी मनाची समजूत घालतो. पण खरा खानदेश रुळांच्या कडेला नाही. तो पाहायचा तर धुळ्याला उतरावे, साक्रीची एस. टी. धरावी आणि पांझरेच्या सोबतीने पश्चिमेकडे निघावे.

धुळ्याची ओळख आपल्याला पुस्तकांतून असते. इतिहासाचार्य राजवाड्यांचे संशोधन मंडळ इथले. १९३२ साली इथल्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. परंतु गाव सोडून चार कोस गेले, की शाईचा संबंध संपतो आणि मातीचा सुरू होतो. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. माती धुपून गेलेली, खडक वर आलेला. चातुर्मासातले चार दिवस गवताचे. मग पुन्हा तोच तांबूस-काळा उजाडपणा.

या कोरड्या मुलखात पांझरेच्या काठी मात्र हिरवी पट्टी दिसते. तिच्यामागे एक जुनी व्यवस्था आहे, तिचे नाव ‘फड’. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे. हे भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पिके पाळीपाळीने फिरवायची. शेतकऱ्याची वावरे निरनिराळ्या फडांत विखुरलेली असत, त्यामुळे पाण्याचे सुख आणि दुःख साऱ्यांच्या वाट्याला सारखे येई. नदीला पाणी कमी असले तर त्या साली कमी फड भिजवायचे, हे आधीच ठरे. पाटावर देखरेखीला पाटकरी, पिकांच्या राखणीला जागल्या, आणि पाटातला गाळ काढायला घरटी माणूस! ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. एम. विश्वेश्वरय्या हे १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामगिऱ्यांपैकी एक याच पांझरेच्या पाण्याची होती, असे सांगितले म्हणजे या नदीची योग्यता ध्यानात येईल.

फडाचे मर्म बंधाऱ्याच्या दगडांत नव्हते. पाणी किती, जमीन किती आणि माणसे किती, याचा हिशेब गावाच्या डोक्यात एकत्र होता आणि तो सर्वांनी मिळून मांडलेला होता, हे ते मर्म. पुढे डोंगर उजाड झाले त्याला कारणे पुष्कळ. लाकडाची तोड, वाढती गुरे, लागोपाठचे दुष्काळ. पण फडाच्या जमिनीला जसा सामाईक हिशेब होता, तसा डोंगराला उरला नव्हता. डोंगर सरकारचा, म्हणजे कोणाचाच नाही. आणि म्हणून लाकूड-चारा नेणाऱ्याचा!

साक्रीहून पिंपळनेर आणि पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या सीमेकडे, बारीपाडा नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती कोकणा आदिवासींची, घरे शंभराच्या आसपास. १९९० च्या सुमारास या गावाभोवतीचे रान जवळजवळ संपले होते. झरे आटले, बायकांची पाण्यासाठीची पायपीट लांबली. त्याच सुमारास गावातले शिकलेले तरुण चैत्राम पवार यांनी शहरातल्या नोकरीची वाट सोडून गावातच राहायचे ठरवले. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांची साथ मिळाली. गाव बैठकीला बसले आणि त्याने स्वतःच स्वतःवर बंधने घातली. जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, गुरे मोकाट सोडायची नाहीत, राखणीला पाळीपाळीने जायचे, नियम मोडील त्याला दंड.

हे लिहायला सोपे आहे. पण ज्या घराची चूल डोंगरातल्या मोळीवर पेटते आणि ज्याची दोन-चार शेळ्यांवर गुजराण चालते, त्याला ‘डोंगर बंद’ म्हणजे काय, याचा विचार करा! असा माणूस बैठकीत नसेल तर नियम कागदावर राहतो आणि रात्री कुऱ्हाड चालते. बारीपाड्याने राखणीचे काम घराघरांत वाटून घेतले. नियम पाळणारा आणि नियमाची राखण करणारा माणूस एकच झाला. सुमारे ४४५ हेक्टर रान असे राखले गेले. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले, श्रमदानाने बांध घातले गेले, विहिरींना पाणी टिकू लागले. आता पावसाळ्यात इथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. गावच्या बाया आपापल्या भाज्या रांधून मांडतात आणि शहरची माणसे कागदावर नावे टिपून घेतात! चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

अशा कामांत अलीकडे एक साधन फार उपयोगी पडते. ते पाहताना शहरी माणसाला गंमत वाटते. गावाच्या चौकात जमीन सारवून घेतात आणि तिच्यावर रांगोळीने, गेरूने, राखेने शिवाराचा नकाशा काढतात. काढणारे गावकरीच. डोंगराच्या जागी दगड, झाडांच्या जागी पाला, विहिरीच्या जागी बाटलीची झाकणे. मग वादाला तोंड फुटते! एखादी आजीबाई पुढे येऊन सांगते, की झरा इथे नव्हे, त्या वळणावर होता. गुराखी पोरगा दाखवतो, गुरे कोणत्या वाटेने चढतात. सरकारी नकाशात उंची-सखलपणाच्या रेषा अचूक असतात, पण आटलेला झरा त्यात नसतो. मग प्रश्न येतात. इथे चर खणले तर पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल? हा उतार तीन वर्षे चराईला बंद ठेवला तर तोवर शेळ्या कुठे जातील? उत्तर चुकले तर हाताने पुसता येते. डोंगरावर केलेली चूक अशी पुसता येत नाही.

हीच गोष्ट जगातले शास्त्रज्ञ आता निराळ्या थाटात करतात. आपल्या शेजारच्या भूतानात लिंगमुतेचू नावाचे खोरे आहे. तिथे भातलावणीच्या पाण्यावरून वरचे गाव आणि खालचे गाव यांचे भांडण होते. २००० नंतरच्या दशकात संशोधकांनी दोन्ही गावांच्या शेतकऱ्यांना पाणीवाटपाचा एक खेळ खेळायला बसवले. कोणी किती पाणी अडवले तर कोणाचे किती भात पिकते, हे डाव टाकता टाकता दिसू लागले. पुढे भूमिकांची अदलाबदल केली, वरचा खाली आणि खालचा वर! संगणकावरही तेच गणित मांडले. त्यातून बोलणे सुरू झाले. आपल्याकडे नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरसाल पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. नाव निराळे, थाट निराळा, आत्मा फडाचाच.

धुळे तालुक्यातले लामकानी गाव याच वाटेचे. डॉ. धनंजय नेवाडकर हे धुळ्यात वैद्यकीय व्यवसाय करणारे गृहस्थ, आपल्या या गावाच्या उजाड डोंगरामागे लागले. इथेही कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, चर आणि बांध. डोंगर आधी गवताचा झाला. खानदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात हेच शहाणपणाचे. झाडे लावण्याची आपल्याला घाई असते, पण माती धरून ठेवण्याचे पहिले काम गवतच करते. गवत कापून नेता येते, म्हणजे गुरांनाही तोशीस पडत नाही.

आता पूर्वेकडे, जळगावकडे वळू. कारण खरा पेच तिथे आहे. रावेर-यावलच्या केळीने खानदेशाला पैसा आणि नाव दिले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही केळी बहुतेक विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावर उभी आहे आणि ते पाणी वर्षानुवर्षे खोल जात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे. डोंगरावरून आलेले पावसाचे पाणी तिथे मुरते आणि मग खालच्या मैदानाला मिळते. डोंगरावर रान असेल तर पाणी सावकाश उतरते. डोंगर उजाड असेल तर ते माती घेऊन धावत सुटते. म्हणजे केळीच्या बागाईतदाराचे नशीब वरच्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांच्या रानाशी बांधलेले आहे. पण हे दोघे एका नकाशाभोवती क्वचितच बसतात!

अटल भूजल योजनेत जळगाव जिल्हाही होता. तीत गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडायला लोकांना शिकवले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक रान राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला. २०२५ च्या मे महिन्यात तापी खोऱ्यातल्या पुनर्भरणाच्या अवाढव्य योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करारही झाला. योजना मोठी आहे, खर्च मोठा आहे. परंतु ताळेबंद मैदानातल्या गावाचा निराळा आणि रानाचा हक्क डोंगरातल्या गावाचा निराळा राहिला, तर कालव्यात पाणी आले तरी भांडण मिटायचे नाही. पांझरेकाठच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी आपली वावरे निरनिराळ्या फडांत वाटून घेतली, ती शेजाऱ्याचे कोरडे शेत आपल्यालाही बोचावे म्हणून. सातपुडा आणि तापीकाठ यांना असे कोण बांधणार, हा आज खानदेशापुढचा प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुटीत तिकडे गेलात तर केळी जरूर खा, कळण्याची भाकरी आणि भरीतही चुकवू नका. पण एखाद्या गावाच्या चौकात माणसे रांगोळीच्या डोंगराभोवती तावातावाने भांडताना दिसली, तर घाईने पुढे जाऊ नका. थोडे थांबून ऐका. आपल्या ताटातल्या केळीचे पाणी कुठून येते आणि ते किती दिवस पुरणार, याचा निकाल तिथे लागत असतो.