पाला पिवळा पडला

नोव्हेंबरात गच्चीवरच्या गोणीत कुफरी पुखराज बटाट्याचे कोंब फुटलेले तुकडे लावले, त्याला आज ८४ दिवस झाले. पाला पिवळा पडून आडवा झालाय. हात सारखा मातीकडे जातो. मागच्या वर्षी पाला हिरवा असतानाच गोणी उपसली होती. हाती आले सुपारीएवढे बटाटे, बोट लागताच साल सुटणारे. फार वाईट वाटलं होतं.

मंचरकडच्या भाजीवाल्या मावशी तेव्हा म्हणाल्या, "पाणी तोड बाई. पाला वाळू दे. मग आठ-दहा दिवस थांब, साल पक्की होते."

आंबा वासाने कळतो, मक्याचं कणीस केस वाळवून सांगतं. बटाट्याचं तसं नाही. वरचं झाड मरायला लागतं, तीच त्याची खूण. मला हे दरवेळी आत कुठेतरी हलवतं.

आज एकच बटाटा उकरून अंगठ्याने घासला. साल किंचित सरकली. बाकीच्यांवर माती नीट ओढली. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो, कडवट होतो, पोटाला बाधतो.

पाणी बंद करून आज चौथा दिवस. पुढच्या रविवारी काढणार.