न सांगितलेलें दुखणें

शिक्षकी पेशांतून निवृत्त होऊन आम्हांस कांहीं वर्षें झालीं. परंतु दुसऱ्यास उपदेश करण्याची खोड मात्र अद्याप निवृत्त झालेली नाहीं. तिचें प्रायश्चित्त आम्हांस सन २०२४ च्या श्रावणानंतर घरींच घ्यावें लागलें. तें सांगण्यांत थोडा संकोच वाटतो. पण संकोचानेंच सारा घात होत होता, म्हणून तो बाजूस ठेवून सांगतों.

आमची नात त्या वेळीं सोळा वर्षांची होती. ती खो-खो खेळे, आणि वेग वाढावा म्हणून पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर धांवावयास जाई. त्या श्रावणांत पांच सोमवार आले होते. आजीच्या जोडीनें तिनें पांचही धरले, शिवाय शनिवार आणि एकादशीही. धांवणें मात्र एक दिवसही चुकलें नाहीं. घरांत सर्वांनाच तिचें कौतुक वाटलें.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं महालांतून मारबतीची मिरवणूक निघाली. गांवची रोगराई घेऊन जाण्याविषयीं लोक तिला हांका मारीत होते, आणि आमची नात गॅलरीच्या कठड्यावर भार टाकून एका पायावर उभी होती. विचारलें तर "पाय दुखतो, आजोबा," एवढेंच म्हणाली. पाय म्हणजे अंगठ्यापासून कमरेपर्यंत सारेंच! नेमकें कोठें, हें तिनें सांगितलें नाहीं व कोणीं विचारलेंही नाहीं. आजीनें गुडघ्यास तेल चोळलें. आम्हीं तर "रोज वीस बैठका जास्त काढ, पाय मोकळा होईल," अशी आज्ञा केली. तिनें ती मुकाट्यानें पाळली. विद्यार्थ्याच्या आज्ञाधारकपणाचें आम्हांस इतकें दुःख पूर्वीं कधीं झालें नव्हतें.

शेवटीं सूनबाईंनीं दार लावून घेऊन तिला विचारलें. दुखत होतें तें जांघेंत, अगदीं खोलवर. एका दवाखान्यांत क्ष-किरण चित्र काढलें. तें निर्दोष निघालें. स्नायु लचकला असेल, आठ दिवसांनीं खेळूं द्या, असा सल्ला मिळाला. आमचें समाधान झालें, सूनबाईंचें झालें नाहीं. त्यांनीं तिला अस्थितज्ज्ञांकडे नेलें. एम. आर. आय. मध्यें मांडीच्या हाडाच्या मानेवर, खुब्याच्या सांध्याशेजारीं, बारीक चीर दिसली.

पडल्याशिवाय हाड चिरतें कसें, हें आम्हांस कळेना. डॉक्टरांनीं समजाविलें तें असें. धांवतांना दर पावलास खुब्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्यानें होणारी हाडाची सूक्ष्म झीज अन्न आणि विश्रांति यांनीं भरून निघते. श्रम वाढले व अन्न घटलें कीं ही भरपाई मागें पडते. मुलींची पाळी अशा वेळीं अनियमित होते वा थांबते, आणि हाडांस बळ देणारा अंतःस्रावही उणावतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ मध्यें या अवस्थेस ‘खेळाडूंतील ऊर्जेची सापेक्ष उणीव’ अशा अर्थाचें नांव दिलें. ती मुलांनाही जडते. अशी चीर आरंभीं क्ष-किरणांत पुष्कळदां दिसत नाहीं. ती मानेच्या खालच्या अंगास असली तर कुबड्या व विश्रांति यांनीं बहुधा सांधते. वरच्या अंगास असली तर बहुधा स्क्रू घालावे लागतात. हाड सरकलें, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटण्याचें भय असतें. नातीची चीर खालच्या अंगास होती. आमच्या बैठका आणखी चालल्या असत्या तर काय झालें असतें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

जांघेंतलें प्रत्येक दुखणें असें भयंकर नसतें. खो-खो, कबड्डी, फुटबॉल यांत एकदम वळावें लागतें, त्यानें मांडीच्या आंतल्या बाजूचे स्नायु बहुधा दुखावतात. नॉर्वेंतील फुटबॉलपटूंवर झालेल्या, २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या स्नायूंच्या एकाच नियमित व्यायामानें अशा तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनीं घटला. अंतर्गळ असेल तर खोकतांना फुगवटा दिसतो. खुब्याची झीज आम्हां वृद्धांस पंगतींत मांडी घालूं देत नाहीं. कधीं रोग खुब्यांत असून दुखतो मात्र गुडघा. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासावा. पाय टेकतांच जांघेंत खोल कळ येत असेल किंवा रात्रींही ठणकत असेल, तर तेल आणि शेक यांत दिवस घालवूं नयेत. खेळ त्याच दिवशीं थांबवावा.

नीरज चोप्रा २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेस जांघेच्या दुखापतीमुळें मुकला, हें वर्तमानपत्रांतून देशानें वाचलें. त्यांत कोणास लाज वाटली नाहीं. सुश्रुतानें १०७ मर्में सांगतांना वंक्षणाजवळच्या मर्मांचींही नांवें निःसंकोच घेतलीं. आम्हीं मात्र संस्कृत शिकवूनही घरांत कमरेखालीं ‘पाय’ एवढा एकच शब्द ठेविला होता.

नात सहा आठवडे कुबड्यांवर होती. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखालीं आपल्या मुली जिंकल्या, तो सामना तिनें घरीं बसूनच पाहिला. पुढें ती हळूहळू मैदानावर परतली. उपवासाचा प्रश्न आजीनेंच सोडविला. "तुझा सोमवार मी धरीन, तूं जेवून पळ," असें तिनें सांगितलें.

परवां रात्रीं सर्व जेवावयास बसले असतां नात म्हणाली, "आजोबा, आज डाव्या जांघेंत जरा ओढल्यासारखें होतें आहे." क्षणभर सर्वांचे हात थांबले. मग सूनबाईंनीं विचारलें, "चालतांना, कीं वळतांना?"