मंडईच्या पाहुण्यांसाठी कॅबरने

दिवाळी सरली की आमच्या चिचगडकडे मंडईचे दिवस. घरोघरी पाहुणे, चुलीवर मटण, रात्री नाटक. यंदा नागपूरहून येताना दोन बाटल्या वाइन घेतल्या. बजेट तुटपुंजं, त्यामुळे परदेशी कॅबरने बाद. तिच्यावर जबर सीमाशुल्क. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला मात्र २००१ च्या धोरणाने करात सवलत दिली. म्हणजे नाशिकचीच.

नुसती कॅबरने सॉव्हिन्यॉन टाळली. त्या जाड सालीच्या द्राक्षात टॅनिन भरपूर. चरबीदार मटणाशी ते जमतं, पण आमच्या तिखटासोबत फारच तुरट लागतं. शिराझ मिसळलेली जरा मवाळ असते. झाकणही फिरकीचं बघून घेतलं. बूच काढायचा स्क्रू गावात कुणाकडे असणार? आणि ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे युरोपातली गार खोली, आपली नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली.

स्टीलच्या पेल्यांत ओतली. मामांनी घोट घेतला.

“जांभळावानी लागते गा, भाच्या. बरी आहे.” मग सवलतीचं ऐकून म्हणाले, “द्राक्षाले सवलत, अन् आमच्या मोहाच्या भट्टीवर धाड?”

उन्हाळाभर पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देणार? मटण वाढायला घेतलं. आजीने मात्र पेला पुढे केला, “औषध म्हणून” आणखी थोडी.