प्रेक्षकांविना जन्मलेला नाच

या नाचाला रंगमंच नाही, पडदा नाही, संगीत नाही. ‘अ बॉडी इन फुकुशिमा’ हे त्याचं नाव. नाचणाऱ्या एकट्या एको ओताके. बघणारे मुख्यतः विल्यम जॉन्स्टन, जपानच्या इतिहासाचे प्राध्यापक, तेही कॅमेऱ्यातून. बाकी जगाला तो भेटला छायाचित्रांमधून.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. भोवतालची गावं रिकामी करावी लागली, जोबान रेल्वेमार्गावरची स्थानकं ओस पडली. याच स्थानकांवर २०१४ च्या जानेवारीत हा नाच जन्मला.

तो फार सावकाश चालतो. घाई त्याच्या अंगातच नाही. अंगावर किमोनो, हातात लाल कापड. कधी फलाटाच्या कडेला कलंडतो, कधी रुळांत वाढलेल्या गवतात आडवा होतो. लाट कशी आली, माणसं कशी पळाली, यातलं काहीही तो करून दाखवत नाही, आणि त्याचा मोठेपणा मला इथेच दिसतो. विध्वंसाचं सोंग आणणं त्याला मंजूर नाही. जिथे माणसांना राहायला मनाई होती तिथे एक थकलेलं, साठी ओलांडलेलं शरीर तो नेऊन ठेवतो, आणि त्या शरीराकडे बघताना तिथून उठून गेलेली सगळी शरीरं आठवत राहतात.

चिवटही आहे तो. त्याच वर्षी उन्हाळ्यात परत गेला, पुढे २०१६, २०१७ आणि २०१९ मध्येही. दरम्यान खरवडलेली किरणोत्सारी माती काळ्या पिशव्यांत भरून शेतांत रचली गेली होती. समुद्र आला तसा ओसरला. मातीत उतरलेल्या सीझियम-१३७ ला निम्मं व्हायलाच सुमारे तीस वर्षं लागतात. पहिलं संकट निसर्गाचं. हे दुसरं आपण हातानं बांधलेलं, विजेच्या हिशेबात बसवलेलं. नाच या दोहोंची गल्लत होऊ देत नाही. त्याची ही समज अभ्यासातून आलेली आहे. ओताकेंनी अणुबॉम्बवरच्या साहित्याचा अभ्यास केला आहे, नागासाकीतून वाचलेल्या लेखिका हायाशी क्योको यांचं लेखन इंग्रजीत आणलं आहे. हिरोशिमा, नागासाकी सोसलेल्या देशानं पुन्हा अणूवरच विसंबावं, हे दुःख या नाचाच्या हाडांत आहे.

२०१४ च्याच ऑक्टोबरात ओताके फिलाडेल्फियाच्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकात तीन-तीन तास नाचल्या. ओस स्थानकांतून आलेलं शरीर गाडी पकडायला निघालेल्या माणसांच्या वाटेत येऊन उभं राहिलं. तिकीट काढून आलेल्या रसिकांपेक्षा असे वाटसरूच त्याला हवे असावेत.

म्हणून वाटतं, त्यानं आमच्या कोकणातही यावं. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाविरुद्ध माडबन आणि साखरीनाट्याच्या लोकांनी आवाज उठवला, तेव्हा ‘विकासाचे विरोधक’ म्हणून त्यांना किती सहज बाजूला सारलं गेलं! राजापूर रोडच्या फलाटावर, मुंबईची गाडी यायच्या वेळी, या नाचाला भरपूर वेळ द्यावा. आणि ज्यांना प्रकल्पाच्या फायली पुढे सरकवायच्या आहेत, त्यांनी तो पुरता बघितल्याशिवाय गाडीत चढू नये.