किती उरल्या?

माणूस दवाखान्यातून घरी आला, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. देवापुढे नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी भेटून जातात. आजार तिकडे खाटेवरच ठेवून आलो, अशी सर्वांची समजूत असते. आमचीही होती.

आमचे नाना अंबडला राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ७६. श्रावणात त्यांच्या छातीत दुखू लागले. त्यांना शहरातल्या इस्पितळात न्यावे लागले आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून ते पाचव्या दिवशी घरी आले. सोबत एक जाडजूड फाइल आणि सहा प्रकारच्या गोळ्या. मी पुण्यास परतलो आणि कर्तव्यदक्ष मुलाप्रमाणे रोज रात्री फोन करू लागलो.

"नाना, गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

संपला संवाद. मी समाधानाने झोपत असे.

घटस्थापनेला अंबडला गेलो. जालन्याहून एस.टी.ने येताना माशाच्या आकाराची ती टेकडी आणि वरचे मत्स्योदरीचे देऊळ दिसले, की मला आजही शाळेला सुट्टी लागल्यासारखे वाटते. यात्रेची दुकाने लागली होती. नाना प्रसन्न दिसत होते. तिसऱ्या माळेच्या रात्री मात्र त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आईने मला हाक मारली.

गावातले डॉक्टर नानांचेच विद्यार्थी. त्यांनी तपासले, हृदयाचा आलेख काढला. सुदैवाने झटका नव्हता. मग त्यांनी गोळ्यांचा डबा मागितला आणि शांतपणे एकेक पाकीट मोजले. उरायला हव्या होत्या त्यापेक्षा वीस गोळ्या जास्त!

"सर, हिशेब जुळत नाही," ते म्हणाले.

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्या नानांनी मान खाली घातली.

एकेक कारण बाहेर पडू लागले. नवरात्राचे उपवास चालू होते. कागदावर लिहिले होते, 'जेवणानंतर'. जेवणच नाही, तर 'जेवणानंतर' येणार कुठून? तर्कशास्त्र बिनतोड होते. पण नवरात्रापूर्वीचे काय? तेव्हा एक दिवसाआड चालले होते. "बरं वाटत होतं रे," नाना म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुझ्या आईच्या साखरेच्या गोळ्याही आहेतच. पेन्शन एकच. तुला कशाला सांगायचं? तुलाही तुझा संसार आहे."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. स्टेंट म्हणजे बारीक जाळी. रक्ताला ती परकी. तिच्यावर आतले अस्तर धरेपर्यंत रक्त तिथे गोठू पाहते आणि त्याला गोळीच अडवून धरते. ती विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. "आणि सर, बरं वाटणं हा गोळी थांबवण्याचा पुरावा नव्हे. बरं वाटतं, त्यात गोळीचाही वाटा असतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. पूर्वी वाचलेली एक गोष्ट आठवली. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांसाठी संशोधन केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेणारे गरीब रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांच्या तोडीने बरे होतात, हे त्यांनी १९५९ साली दाखवून दिले. पण रुग्णांच्या नुसत्या 'हो'वर ती मंडळी विसंबत नसत. अवचित घरी जाऊन गोळ्या मोजीत, लघवी तपाशीत. पुढे २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे निम्मेच रुग्ण औषधे नीट घेतात. म्हणजे दोष एकट्या नानांचा नव्हता आणि अडाणीपणाचाही नव्हता.

दोष माझ्या प्रश्नाचाही होता. 'घेतल्या ना?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तरच नसते. त्यात काळजी कमी आणि आपली सुटका अधिक. 'परवडतात का, सोसतात का, समजल्या का?' हे मी कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निवाडा दिला, की उपवासाचा फराळ हेही जेवणच. त्यांनी काही गोळ्यांची स्वस्त जेनेरिक नावे लिहून दिली. औषधांचे पैसे माझ्याकडे लागले. नाना थोडे कुरकुरले, मग गप्प बसले. आईने वेळ ठरविली. सकाळच्या गोळ्या देवपूजा आटोपून फराळ झाल्यावर, रात्रीच्या आरतीनंतर दुधाबरोबर. कालनिर्णयावर नाना रोज बारीक खूण करतात. दसऱ्याला सोने देताना त्यांनी मला चार पाने जास्त दिली. हिशेबात चुकले नव्हते खास.

आता मी फोनवर विचारतो, "नाना, किती उरल्या?" ते मोजून आकडा सांगतात. मी ताडून पाहतो.

परवा आकडा सांगून झाल्यावर ते क्षणभर थांबले.

"तुलाही रक्तदाबाची गोळी आहे ना? तुझ्या किती उरल्या?"

मी डबा उघडला. नानांच्या मुलाचा हिशेबही जुळत नव्हता.